घरी नर्स पाठवणारा ब्यूरो : लायसन्स कोणतं मागायचं, कागद कसे तपासायचे

ब्यूरोला फोन लावला की बहुतेक जण आधी हेच विचारतात, "तुमच्याकडे लायसन्स आहे ना?" पलीकडून "हो, आहे की" असं उत्तर येतं आणि बोलणं थेट पैशांवर जातं. पलीकडचा माणूस खोटं बोलत असतो असं नाही. त्याच्याकडे कुठलं तरी लायसन्स असतंच. पण ते रुग्णाची काळजी घेण्याचं नसतं, कारण घरी नर्स किंवा आया पाठवण्याचा असा वेगळा परवाना महाराष्ट्रात नाहीच. परवानगी आणि देखरेख तुकड्यातुकड्यांत विखुरलेली आहे. काही माणसाच्या नावावर, काही दुकानाच्या नावावर, काही कर खात्याकडे, काही कामगार खात्याकडे. ते तुकडे गोळा करून बघायचं काम घरच्यांनाच करावं लागतं. नीट केलं तर त्याला तासाभरापेक्षा जास्त लागत नाही.

कायदा दवाखान्याच्या दारापर्यंतच

महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. बोलण्यात त्याला अजून 'बॉम्बे नर्सिंग होम ॲक्ट' म्हणतात. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, त्यात दरपत्रक लावणं, रुग्णहक्कांची सनद लावणं अशा गोष्टी आल्या. पण या कायद्याची व्याख्या 'जागे'वर उभी आहे. आजारी माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा म्हणजे शुश्रूषागृह. ब्यूरोकडे खाट नसते, रुग्ण नसतो. असतं एक टेबल, दोन फोन आणि माणसांची यादी. त्यामुळे तो या व्याख्येत बसत नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारला तरच लागू होतो आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही.

मोठ्या रुग्णालयाची स्वतःची घरपोच सेवा घेतली तरी फरक समजून घ्यावा. त्यांचं नोंदणीपत्र रुग्णालयाच्या इमारतीचं असतं, तुमच्या बेडरूमचं नव्हे. फायदा एवढाच, की मागे एक मोठी संस्था उभी असते आणि तिला नाव राखायचं असतं.

ही पोकळी भरायचा एक प्रयत्न झाला होता. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. त्यात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद होती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झालं. त्यामुळे 'सरकारमान्य होमकेअर' अशी पाटी दिसली तर मान्यता कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या कार्यालयाची, एवढंच विचारावं. उत्तर बहुतेक वेळा गुमास्त्यावर, म्हणजे दुकानाच्या साध्या नोंदणीवर, येऊन थांबतं.

परदेशात बसून इथल्या आईवडिलांची सोय फोनवरून लावणाऱ्यांची गफलत इथेच होते. ते जिथे राहतात तिथे संस्थेलाच परवाना लागतो, म्हणून इथेही तसंच असेल असं ते धरून चालतात. अमेरिकेत मेडिकेअरचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे घ्यायचे तर संस्थेला केंद्राच्या अटी पाळाव्या लागतात. तपासणी किमान ३६ महिन्यांतून एकदा आणि न कळवता होते. मदतनीस बाईला किंवा बुवाला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यातले १६ तास हातांनी काम करण्याचे, शिवाय दरवर्षी १२ तासांची उजळणी. रुग्णाला नर्सिंगची सेवाही चालू असेल तर मदतनिसाच्या कामावर १४ दिवसांतून एकदा नजर टाकली जाते. इंग्लंडात घरी येऊन अंघोळ घालणं, जेवण भरवणं अशी वैयक्तिक देखभाल करणाऱ्या संस्थेला केअर क्वालिटी कमिशनकडे नोंदणी केल्याशिवाय कामच करता येत नाही. आपल्याकडे हे सगळं नाही, पण त्यातली दोन-तीन कलमं आपल्या करारात उचलून घालायला कोणी अडवत नाही. ते पुढे येईलच.

भिंतीवरच्या फ्रेम वाचायच्या कशा

गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. या पत्त्यावर या नावाचा धंदा चालतो आणि इथे इतकी माणसं कामाला आहेत, एवढंच तो सांगतो. किराणा दुकानाकडेही तोच असतो. माणसं थोडी असतील तर नोंदणीसुद्धा नसते, फक्त धंदा सुरू केल्याची माहिती कळवल्याची पावती असते. तरीही तो बघावा, कारण त्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असतो. उद्या नोटीस पाठवायची वेळ आली तर त्याच पत्त्यावर जाणार.

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते आणि स्वतःच भरलेल्या माहितीवर मिळते. दर्जाशी तिचा संबंध नाही. आयएसओचं प्रमाणपत्र खाजगी संस्था देतात, सरकार नव्हे. त्यातून व्यवस्थापनाची पद्धत लिहून ठेवलेली आहे इतपत अर्थ निघतो. फ्रेम सोनेरी असली म्हणून वजन वाढत नाही.

जीएसटी क्रमांक मात्र बराच बोलका असतो. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, धंद्याचा प्रकार सांगतं. 'सी' असेल तर कंपनी, 'एफ' असेल तर भागीदारी, 'पी' असेल तर एकटा माणूस, 'टी' असेल तर ट्रस्ट. लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि क्रमांकात 'पी' असं निघालं तर तिथेच थांबून विचारायचं. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे लॉगिन न करता दिसतं. छोट्या ब्यूरोची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर क्रमांक नसणं हा दोष नाही. मग मात्र बिलात जीएसटी लावता येत नाही. नोंदणी नसताना बिलात कर लावणारे सापडतात, तेव्हा बिल एकदा वाचावं.

खरी तपासणी माणसाची

नोंदणी संस्थेची नसली तरी नर्सची असते, आणि सगळ्यात भक्कम कागद तोच. महाराष्ट्रात नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते, १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली. नर्स म्हणून नोंदणी होते ती तीन शिक्षणांवर : एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, दोन वर्षं), जीएनएम (सामान्य परिचर्या-प्रसाविका, तीन वर्षं) आणि बीएस्सी नर्सिंग (चार वर्षं). सहा महिन्यांचा 'नर्सिंग असिस्टंट' किंवा 'पेशंट केअर'चा खाजगी कोर्स केलेली व्यक्ती कितीही हुशार असली, पांढरा कोट घालून आली आणि घरात सगळे तिला 'सिस्टर' म्हणत असले, तरी परिषदेच्या नोंदवहीत ती नर्स नसते.

माणूस घरी येण्याच्या आदल्या दिवशी ब्यूरोकडून परिषदेच्या नोंदणी प्रमाणपत्राची दोन्ही बाजू दिसतील अशी प्रत आणि आधार मागवा. प्रमाणपत्रावर चार गोष्टी बघायच्या : नोंदणीचा प्रकार, क्रमांक, फोटो आणि वैधता. प्रकार आधी, कारण एएनएमचं प्रमाणपत्र दाखवून जीएनएमचा दर लावणं ही सगळ्यात सोपी चलाखी आहे. नोंदणी कायमची नसते, पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. जुनी तारीख दिसली तर नूतनीकरणाची पावती मागा. अर्ज केलाय म्हणणं आणि अर्जाचा क्रमांक दाखवणं यात फरक आहे. प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं, असं पुष्कळदा असतं आणि त्यात वावगं काही नाही. पण मग विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद बघायला हवी, नाहीतर ते प्रमाणपत्र बहिणीचं किंवा मैत्रिणीचंही असू शकतं.

भारतीय परिचर्या परिषदेने देशभरासाठी नर्स नोंदणीची एकत्र प्रणाली केली आहे आणि तिथे प्रत्येक नर्सला एक कायमचा क्रमांक मिळतो. तो मागा. केरळ, कर्नाटक किंवा मध्य प्रदेशातून आलेली नर्स असेल तर मूळ राज्याची नोंदणी खरी असूनही महाराष्ट्रात काम करायला इथल्या परिषदेकडे नोंद लागते. ब्यूरो हे सांगत नाहीत, कारण त्या नोंदीला वेळ आणि पैसा लागतो आणि मुलगी तोवर दुसरीकडे जाते. नर्सिंगसाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा मंजूर झाला आहे. परिषदेची जागा आयोगाने घेतली तरी कागदावर बघायच्या गोष्टी त्याच राहतात.

आया, मावशी, वॉर्डबॉय, मामा, अटेंडंट या कोणाचीच सक्तीची नोंदणी नसते. त्यांच्याकडे असलाच तर कौशल्य विकासाच्या योजनेतला 'जनरल ड्यूटी असिस्टंट' किंवा 'होम हेल्थ एड'चा दाखला असतो. तो असेल तर चांगलंच, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करून बघा. पण या कामात आधीच्या दोन घरांचे फोन नंबर दाखल्याहून जास्त उपयोगी पडतात. त्या घरी फोन करून "चांगली होती का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "किती दिवस होती, का गेली, रात्री हाक मारली की उठायची का?" असं विचारा.

फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे असते, ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. त्यांचे क्रमांक लेटरहेडवर छापलेले असतात. तिथे क्रमांकच नसेल तर पुढचं बोलू नये.

पोलीस पडताळणी हा वेगळाच कागद. ती जरूर करून घ्या, ब्यूरोने केलेली असेल तर तारीख बघा. ती फक्त पोलिसांच्या नोंदीत गुन्हा आहे का हे सांगते. आधीच्या घरातून वेदनाशामक गोळ्या गायब व्हायच्या, हे तिला ठाऊक नसतं.

या सगळ्यावर पाणी पडतं ते पाचव्या-सहाव्या दिवशी. कागद दाखवलेली नर्स "गावी गेली" आणि बदली म्हणून दुसरीच दारात उभी. घरचे थकलेले असतात, कोणीतरी आलंय यावरच समाधान मानतात. बदली माणसाचे कागद आदल्या दिवशी पाठवायचे आणि ते बघून होकार दिल्याशिवाय माणूस पाठवायचा नाही, हे करारात लिहून घ्या. बाकी काही लिहून घेतलं नाही तरी एवढं एक कलम सोडू नका.

कोणी काय करायचं, काय नाही

अंघोळ, कपडे, जेवण भरवणं, कूस बदलणं, चालवणं, डायपर, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या वेळेवर हातात देणं, ताप आणि बीपीची नोंद. अटेंडंटचं काम इथे संपतं. इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी घालणं, लघवीची नळी बदलणं, ट्रॅकिओस्टॉमीचं सक्शन (गळ्यातल्या श्वासाच्या नळीतून कफ ओढून काढणं), खोल जखमेचं ड्रेसिंग ही नोंदणीकृत नर्सची कामं, आणि तीही डॉक्टरांच्या लेखी सूचनेवर. फोनवर "द्या एक इंजेक्शन" म्हटलेलं पुरत नाही. डॉक्टरांना निदान मेसेजवर औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ लिहून पाठवायला सांगा.

मधल्या पट्ट्यात गोंधळ होतो. नाकातल्या नळीतून जेवण देणं अटेंडंट सर्रास करतात. नर्सने शिकवून, समोर दोन-तीनदा करून घेतलं असेल तर चालण्यासारखं आहे. न शिकवता केलं तर अन्न फुप्फुसात जायचा धोका. तपासायचं असेल तर एवढं बघा : जेवणाआधी डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलते का, नळीवरची खूण सरकली आहे का हे बघते का, आणि जेवणानंतर अर्धा ते एक तास रुग्णाला तसंच ठेवते का. यातलं एक जरी चुकत असेल तर तिला नळीला हात लावू देऊ नका. इन्सुलिनचंही तसंच. १०० युनिटच्या (मिलिलिटरमध्ये १०० युनिट असलेल्या) इन्सुलिनला ४० युनिटची सिरिंज वापरली तर त्याच खुणेपर्यंत भरल्यावर डोस अडीचपट जातो, आणि आपल्याकडच्या औषधाच्या दुकानांत दोन्ही मिळतात.

विस्मरण झालेल्या माणसाला रात्री पलंगाला बांधून ठेवायचं काही ठिकाणी सर्रास चालतं. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने मानसोपचार केंद्रातसुद्धा त्यावर कडक बंधनं घातली आहेत, आणि घरी तर ते ठरवणारा मनोविकारतज्ज्ञच हजर नसतो. हे चालणार नाही, असं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. २४ तासांच्या ड्यूटीवर एकच माणूस असेल तर त्याला सलग सहा-सात तास झोप मिळते का, हेही बघा. बांधून ठेवण्याची कल्पना पुष्कळदा झोपेच्या अभावातूनच येते.

करार : ब्यूरो मालक की मध्यस्थ?

छापील फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते : 'आम्ही केवळ ओळख करून देतो, कर्मचाऱ्याच्या वर्तनास जबाबदार नाही.' पुढचं सगळं या ओळीवर ठरतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दातून वैयक्तिक सेवेचा करार वगळलेला आहे. म्हणजे तुम्ही आयाबाईंना थेट कामाला ठेवलं, पगार त्यांच्या हातात दिला, काम कसं करायचं तेही तुम्हीच सांगितलं, तर तुम्ही मालक आणि त्या तुमच्या नोकर. तिथे ग्राहक आयोग ऐकून घेणार नाही. पण ब्यूरोला पैसे दिले, माणूस ब्यूरोने निवडला, बदली ब्यूरो देतो आणि देखरेखही त्याचीच, तर ती विकत घेतलेली सेवा होते आणि त्रुटीबद्दल दाद मागता येते. छापील ओळीने जबाबदारी आपोआप पुसली जात नाही, पण वाद घालायला जागा मिळते. म्हणून ती ओळ खोडून दोघांच्या सह्या घ्या आणि पैसे ब्यूरोच्या खात्यातच भरा. 'अर्धे बाईंच्या हातात रोख द्या' असं सांगितलं तर तुम्ही नकळत मालक होत असता.

करारात यायलाच हव्यात अशा बाबी : माणसाचं पूर्ण नाव आणि नोंदणीचा प्रकार, कामांची यादी (करायची आणि न करायची), ड्यूटीचे तास, सुटीच्या दिवशी बदली कोण, अनामत किती आणि परत किती दिवसांत, सेवा थांबवायची नोटीस किती दिवसांची, आणि दर १४ दिवसांनी ब्यूरोच्या नोंदणीकृत नर्सची घरी येऊन पाहणी. हे शेवटचं कलम अमेरिकेच्या नियमातून उचललेलं. ब्यूरोने ते नाकारलं तर त्यांच्याकडे पाहणी करायला नर्सच नाही असं समजायला हरकत नाही. रुग्ण दगावला किंवा पुन्हा दाखल झाला तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळणार का, हेही आधीच विचारावं. अवघड वाटतं, पण नंतर विचारणं त्याहून अवघड जातं. 'आमचा माणूस परस्पर ठेवल्यास इतका दंड' हे कलम सगळेच घालतात. त्याला मुदत घालून घ्या, सेवा संपल्यानंतर सहा महिने पुष्कळ झाले.

खोलीत कॅमेरा लावणार असाल तर तो कुठे आहे हे कामावरच्या माणसाला दाखवा आणि लिहून सही घ्या. कपडे बदलण्याच्या आणि झोपण्याच्या जागी कॅमेरा नको.

घरातली वही

शंभर पानी साधी वही, दिवसाला एक पान. वेळ, ताप, बीपी, साखर, दिलेलं औषध, खाणंपिणं, लघवी आणि शौच, कूस कधी बदलली, त्वचेवर लालसरपणा आहे का, आणि शेवटी ड्यूटीवरच्या माणसाची सही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दोन तासांनी बदलावी लागते. वहीत सगळ्या वेळा एकाच पेनाने एकाच झोकात लिहिलेल्या दिसल्या तर त्या संध्याकाळी बसून भरल्या आहेत हे समजतं. वही घराची, ब्यूरोची नव्हे. सेवा संपताना "फाईल ऑफिसला द्यायची असते" म्हणून ती नेली जाते आणि मग पाठीवरची जखम कधी सुरू झाली याचा पुरावाच राहत नाही. रोज रात्री पानाचा फोटो काढून ठेवावा.

औषधांचा डबा कुलपात, चावी घरच्यांकडे. कर्करोगाच्या रुग्णांकडे मॉर्फिनच्या गोळ्या किंवा फेंटानिलच्या पट्ट्या असतात. त्यांची वेगळी मोजणी रोज दोघांनी मिळून करायची. काढलेल्या पट्टीतही औषध उरलेलं असतं, ती चिकट बाजू आत दुमडून मोजून ठेवावी. लहान मुलाच्या हाती लागली तर जीव जाऊ शकतो.

वापरलेल्या सुया टोपण परत न लावता जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाका. फिनेलची रिकामी बाटली छान चालते. तीन चतुर्थांश भरली की झाकण घट्ट करून चिकटपट्टी लावा. ब्यूरोकडे जैववैद्यकीय कचऱ्याची सोय असेल तर त्यांनी ती न्यावी, नसेल तर घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी, वर लिहून द्यावी. ओल्या कचऱ्यात सुई गेली की ती सफाई कामगाराच्या हातात घुसते.

ब्यूरो काढणाऱ्यांसाठी

वेगळा परवाना नाही म्हणून कागद कमी लागतात असं नाही. गुमास्ता झाला की व्यवसाय कर. मालकाच्या स्वतःच्या कराची नोंदणी (पीटीईसी), वर्षाला २,५०० रुपये, आणि कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर भरायची नोंदणी (पीटीआरसी). बायकांना महिना २५,००० रुपये पगारापर्यंत हा कर लागत नाही आणि ब्यूरोत बायकाच जास्त असतात. तरी चुकून कापला जातो.

दहा किंवा जास्त माणसं झाली की कर्मचारी राज्य विमा योजना लागते. महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर मालकाचे ३.२५ टक्के, कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के. वीस झाली की भविष्य निर्वाह निधी. पुष्कळ ब्यूरो 'सगळे फ्रीलान्स आहेत' म्हणून हे टाळतात. ड्यूटी तुम्ही लावता, गणवेश तुमचा, दर तुम्ही ठरवता, तर तपासणी अधिकारी ते मानेलच असं नाही, आणि मागच्या वर्षांची रक्कम दंड-व्याजासह काढली जाते. रुग्णालयांना एकदम माणसं पुरवत असाल आणि आकडा ५० वर गेला तर कंत्राटदाराचा परवानाही बघावा लागतो.

जीएसटीचा गुंता सगळ्यात मोठा. आरोग्यसेवेला २०१७ पासून माफी आहे, पण ती वैद्यकीय आस्थापना, डॉक्टर किंवा निमवैद्यकीय व्यक्तीने दिलेल्या आरोग्यसेवेला. नुसतं मनुष्यबळ पुरवण्यावर १८ टक्के लागतात. नोंदणीकृत नर्सकडून डॉक्टरांच्या सूचनेनुसार शुश्रूषा आणि आजींना सोबत म्हणून बाई, या दोन गोष्टी एकाच बिलात, एकाच ओळीत टाकल्या की वाद ओढवलाच. बिलाच्या ओळी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा आणि कोणत्या ओळीवर कर, ते सनदी लेखापालाकडून लेखी घ्या.

औषधं साठवून विकणार असाल तर अन्न व औषध प्रशासनाचे नमुना २० आणि २१ चे परवाने लागतात. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन मशीन अशी उपकरणं विकायची तर एमडी-४२ नोंदणी. जैववैद्यकीय कचरा जमा करत असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारपत्राचा अर्ज आणि सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार. तो कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही.

दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे पाठवलेल्या बाईची सुरक्षितता. लैंगिक छळ प्रतिबंध कायदा २०१३ मध्ये कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही येतं. रुग्णाच्या मुलाने किंवा खुद्द रुग्णाने त्रास दिला तरी तो कामाच्या जागेवरचा छळ. दहा किंवा जास्त माणसं असतील तर तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता प्रत्येकीच्या फोनमध्ये हवा. तक्रारीची मुदत तीन महिने. 'घर बदलून देतो, विषय वाढवू नको' हा नेहमीचा उपाय कायद्याच्या नजरेतून उपाय नाही. कामावर पाठवण्याआधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस (शून्य, एक, सहा महिने) पूर्ण आहेत का बघा. सुई टोचली तर जागा दाबायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच सरकारी रुग्णालयात जायचं. एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागते.

तक्रार कोणाकडे

एका छत्राखाली देखरेख नसल्याने तक्रारही वाटली जाते. नर्सने कामात हलगर्जी केली किंवा प्रमाणपत्र बनावट निघालं तर परिचर्या परिषदेकडे लेखी अर्ज. बनावट कागदासाठी शिवाय पोलीस ठाणं. चोरी, मारहाण, उपाशी ठेवणं यासाठी ११२. एकट्या ज्येष्ठांना फोनवर मदत हवी तर १४५६७. औषधांची गडबड अन्न व औषध प्रशासनाकडे. कर्मचाऱ्याला पगार मिळाला नाही तर तिने कामगार आयुक्त कार्यालयात जावं, आणि घरच्यांनी पैसे भरल्याच्या पावत्या तिला द्याव्यात. तिची बाजू त्यानेच उभी राहते.

अनामत बुडवणं, नर्सच्या नावाखाली अटेंडंट पाठवणं, बदली न देणं हे ग्राहक आयोगाचं काम. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बरेच ब्यूरो तिथून फोन गेला की पैसे परत करतात. नाहीच झालं तर ब्यूरोच्या गुमास्त्यावरच्या पत्त्यावर नोटीस आणि मग ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर जिल्हा आयोगात तक्रार. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, त्यामुळे ब्यूरोचं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी अडत नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. जोडायचं ते करार, बँकेतून भरलेल्या रकमा, बदलीबद्दलचे मेसेज, पाठवलेल्या माणसाच्या कागदांच्या प्रती आणि वहीच्या पानांचे तारखेसह फोटो.